बांधावरचं गवत

थोरलीच्या शेतात काडी सापडली तर ती वाऱ्यानेच आणलेली असणार, हे सगळ्यांना मान्य होतं. पीक निघालं की ती धसकटं उपटायची, पालापाचोळा ओढून जाळायची आणि बांधावर गवताचं पातं दिसलं की खुरपं घेऊन बसायची. नवरा म्हणायचा, "माझ्यापेक्षा त्या खुरप्याशीच तुझा संसार जास्त."

धाकटी जाऊ अगदी उलट. तिच्या शेतात जुन्या पिकाची ताटं तशीच पसरलेली असायची आणि खालच्या बांधावर कमरेएवढं गवत, तेही बाईने हौसेने लावलेलं! वाटणीत सासूबाईंनी उतारावरचं वरचं, कसदार शेत थोरलीला दिलं होतं. खालचा मुरमाड तुकडा धाकटीच्या पदरात पडला, तेव्हा थोरलीला तिची कीवच आली होती.

आता कीव कसली! वरच्या शेतात दरवर्षी नवे दगड दिसत. थोरली ते वेचून ढीग घालायची, पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. वाटाणा गुडघ्याच्या वर जाईना. आणि खाली त्या गबाळीचे वेल मांडवावर मावत नव्हते. देवाला डोळे आहेत की नाहीत, असं थोरलीला रोज वाटे.

धाकटीने एकदा सांगून पाहिलं होतं. "ताई, दगड वर येत नाहीत हो, माती खाली जाते. उघड्या जमिनीवर पावसाचा मारा बसला की ती उतारावरून वाहणारच. धसकटं राहू द्या, आडवं गवत लावा."

"आता तू मला शेती शिकव," थोरली म्हणाली आणि बोलणं तिथेच खुंटलं.

मग एक दिवस धाकटी टपोऱ्या शेंगांची पाटी घेऊन दारात आली. "तुमच्याकडे यंदा कमी आहेत ना, म्हणून आणल्या." थोरलीने हसून पाटी घेतली, शेंगा शिजवल्या, खाल्ल्या. त्या गोड लागल्या. ते मात्र तिला सहन झालं नाही.

दुसऱ्याच दिवशी धाकटी माहेरी गेली आणि थोरली खुरपं घेऊन खाली उतरली. जावेचा बांध जरा साफ करून देऊ, असं तिने स्वतःला बजावलं. गवताची मुळं खोल होती, ती घामाघूम झाली, पण संध्याकाळपर्यंत बांध तिने न्हाव्याने हजामत करावी तसा केला.

त्याच आठवड्यात पाऊस कोसळला. वरच्या उघड्या शेतातून पाणी लोंढ्याने खाली आलं. बोडका बांध फुटला. धाकटी परतली तेव्हा शेतात माणूस उभा मावेल एवढी घळ पडली होती, मांडव आडवा झाला होता आणि पलीकडचा ओढा तांबडा वाहत होता.

"पाऊसच तसा होता गं," थोरली तोंड पाडून म्हणाली.

धाकटी बांधाच्या कडेला बघत होती. तिथे उपटलेलं गवत एका ओळीत पडलं होतं, मुळांची माती झटकून, सारख्या जुड्या बांधून.

"इतक्या नेटक्या जुड्या पाऊस बांधत नाही, ताई."

शेवटी थोरली म्हणाली, "तुझं बघवत नव्हतं मला."

"माझं कुठे होतं?" धाकटी म्हणाली. "इथे मुरूम होता. वरची माती वाहून आली, ती गवताने अडवली. तुमची माती होती ती. हे पीक निघालं की अर्धी माती ट्रॉलीने वर टाकायची, असं आम्ही ठरवलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

थोरली ओढ्याकडे बघत राहिली. जन्मभर झाडून काढलेलं तिचं शेत डोळ्यांदेखत चाललं होतं. ती बांधावरच बसून रडली.

धाकटीने जुड्या उचलल्या. मुळं अजून ओली होती. अर्ध्या तिने थोरलीपुढे टाकल्या. "वर लावा. उताराला आडव्या. बाकीचं मी नंतर बोलेन."

त्याच खुरप्याने थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शेतात गवत लावलं. खाली धाकटी लावत होती. तिची रांग आपल्यापेक्षा सरळ येतेय, हे तेव्हाही थोरलीला खुपलं, आणि तिने मुकाट्याने आपली दोन रोपं उपटून पुन्हा नीट लावली.