न्हाणीतलं कवेलू

अंबूबाईच्या न्हाणीत सतरा वर्षं कवेलूचा, म्हणजे छपराच्या कौलाचा, एक तुकडा होता. तळहाताएवढा, काळपट. एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं फोड आलेला, निखाऱ्यावर टाकलेल्या पापडाला येतात तसे बारीक फोड. टाचा घासायला अशी वजरी लोणारच्या बाजारात मिळत नव्हती. शेजारणी मागून न्यायच्या आणि परत द्यायला विसरायच्या. मग अंबूबाई दारात उभी राहून हाक मारायची, "बेबीताई, माही वजरी दे वं! टाचा तुह्या आन् शोध म्या घ्यावा का?"

तो तुकडा नवऱ्याच्या ट्रंकेत सापडला होता. तुळशीराम सत्तेचाळीस साली मराठा पलटणीतून सुटून घरी आला, तेव्हा ट्रंकेत एक गरम कोट, पितळी मग, दोन कंबरपट्टे आणि हे कवेलू होतं. पितळी मग तिनं माठावर ठेवला आणि कवेलू न्हाणीत नेलं. "हे काय होय?" असं तिनं तेव्हा विचारलं होतं. "कवेलू," तो म्हणाला होता. ते तिलाही दिसत होतं.

तुळशीराम कमीच बोलायचा. त्याचा मळा लोणारच्या खड्ड्यात, आतल्या उतारावर होता. गाव वर काठावर, मळा खाली, आणि त्याच्याही खाली ते खारट हिरवं तळं. धारेचं, म्हणजे काठावरच्या झऱ्याचं, गोडं पाणी वरून यायचं. त्यावर केळी, वांगी, मेथी. पाच घरांचे मळे आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. तुळशीरामची पाळी पहाटेची होती, सगळ्यात चांगली. भर दुपारची पाळी ज्याच्या वाट्याला येई त्याची मेथी पिवळी पडे. या पाळ्या दर दिवाळीच्या पाडव्याला नव्यानं ठरत आणि ते काम सरपंच वामनरावांकडे होतं.

चौसष्ट साली दिवाळीच्या अठरा-वीस दिवस आधी चीननं अणुबाँब फोडला. जानराव मास्तरांनी पंचायतीच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचून दाखवलं. वामनराव ते ऐकत उभेच राहिले. दोन वर्षांमागे, चीनशी झालेल्या बासष्टच्या लढाईत, त्यांच्याकडेच वाढलेला भाचा अर्जुन नेफाच्या सरहद्दीवर बर्फात राहिला होता. प्रेत आलं नाही, तार आली. बहीण सुभद्राबाई तेव्हापासून भावाकडेच होती. ती कोणाशी बोलत नसे. तांदूळ निवडायला बसली की निवडलेलेच पुन्हा निवडत राही.

वामनरावांनी ठराव करायचं ठरवलं. भारत सरकारनं अणुबाँब तयार करावा, अशी लोणार ग्रामपंचायतीची एकमुखी मागणी. मांडणार ते स्वतः, अनुमोदन पलटणीतल्या माणसाचं. गावात लढाई पाहिलेला माणूस एकच होता.

निरोप आला त्या संध्याकाळी तुळशीराम केळीच्या बुडाशी फुटलेले पिल बाजूला करत होता.

"करून टाका सही," अंबूबाई म्हणाली. "कागदच तं होय."

"पाहू."

"पाहू नका. पाडवा आठ दिवसांवर आला. सरपंचभाऊंचं डोकं फिरलं अन् आपली पाळी दुपारची केली तं?"

त्यानं पुढच्या केळीला हात घातला. अंबूबाईला त्या रात्री झोप कमी लागली.

सभा दुसऱ्या दिवशी सकाळी भरली. ओट्यावर पुरुष, खाली लिंबाच्या सावलीत बायका. मास्तरांनी ठराव वाचला. भाषा मास्तरांची असल्यानं निम्मा कोणाला कळला नाही. पण बाँब हा शब्द सगळ्यांना कळला, कारण मोतीराम दुकानदाराच्या फळीवर त्याच नावाचा फटाका कालच विकायला आला होता.

"दिल्लीले काऊन लिहिता?" मोतीराम ओरडला. "माह्या दुकानात आहे ना अ‍ॅटम बाँब! हिरव्या सुतळीचा. दोन पेट्या पाठवून देतो पेकिंगले!"

सगळे हसले. वामनरावही किंचित हसले. मग मागून एका म्हाताऱ्यानं अगदी मनापासून विचारलं, "पण मास्तर, मोतीरामच्या बाँबापेक्षा तो केवढा असन?"

मास्तर अडखळले. "असेल... हजारपट."

"हजार!" म्हातारा म्हणाला. "मंग तं अख्खा वाडा उडन."

पुन्हा हसणं झालं. वामनराव म्हणाले, "तुळशीराम, ये बाबा. तू पाह्यलेला माणूस. दोन शब्द बोल आन् कर सही."

तुळशीराम उठला. ओट्यावर न जाता बायकांकडे वळून तो अंबूबाईला म्हणाला, "घरून वजरी घेऊन ये."

बायकांत खसखस पिकली. बेबीताई म्हणाली, "पलटण टाचा घासून जाते वाट्टे लढाईले!" अंबूबाई मान खाली घालून गेली. पहाटेचं पाणी गेलं, एवढंच तिच्या मनात होतं.

ती परत आली तेव्हा ओटा रिकामा होता. तुळशीरामनं सगळी सभा पाच मिनिटांवरच्या काठावर नेऊन उभी केली होती. त्यानं तिच्या हातातून कवेलू घेतलं आणि तळ्यापलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं.

"तो काठ दिसते का सगळ्याईले?"

दिसत होता. सव्वा मैलावर, धुरकट. लहानपणापासून रोज पाहिलेला.

"या काठापासून त्या काठापर्यंत गाव आहे समजा. घराले घर लागून. आन् याच्या शेजारी आणखी एक एवढाच खड्डा, त्याच्यातही घरंच. एक बाँब. सकाळी सव्वाआठला. मंग यातलं काहीच नाही."

त्यानं कवेलू एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मी लढाई संपल्यावर गेलो. जपानात. आमची पलटण तिथं पहाऱ्यावर नेली होती. एक दिवस ट्रकातून ते गाव दाखवाले नेलं. हिरोशिमा. मी म्हटलं, गाव कुठाय? ड्रायव्हर म्हणे, गावातूनच चालून राह्यलो आपण."

म्हातारा म्हणाला, "मानसं?"

"तेच सांगून राह्यलो, आजा."

लोणारात खड्ड्याबद्दल दोन गोष्टी चालत. म्हातारे म्हणत, इथं लवणासुर राहायचा आणि देवानं त्याला मारलं. शहरातून येणारे साहेब कधी ज्वालामुखी म्हणत, कधी आकाशातून पडलेला दगड. गावाला दोन्ही सारखंच होतं. खड्डा होता आणि त्यात बकऱ्या चरत. त्या सकाळी मात्र लोक त्याच्याकडे पाहत राहिले. अंबूबाई रोज दोनदा तो उतार उतरायची. पण तो एवढा मोठा आहे हे तिला आज दिसलं. खाली आपला मळा तिनं शोधला. हिरवा ठिपका होता, अंगठ्यानं झाकता येईल एवढा. तिनं खरोखर अंगठा धरून पाहिला आणि मळा दिसेनासा झाला.

"हे तिथलं कवेलू," तुळशीराम म्हणाला. "छपरावरचं. भट्टीत भाजलेलं कवेलू, त्याले फोड आले. हात लावून पाहा."

तुकडा हातोहात फिरला. बेबीताईकडे आला तेव्हा तिनं तो पदरात घेतला, उघड्या हातानं धरला नाही. मोतीरामनं फोडांवरून बोट फिरवलं आणि तुकडा पुढे दिला.

सुभद्राबाई कधी येऊन उभी राहिली ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं कवेलू दोन्ही हातांत धरलं.

"त्याहीच्या घरी तारा आल्या का?" तिनं विचारलं.

तुळशीराम तिच्याकडे वळला. "तार आणणारा, तार वाचणारा आन् ते घर, सगळं एकाच जागी होतं, बाई."

तिनं मान हलवली.

वामनरावांचा आवाज चढला. "आन् माह्या भाच्याचं काय मंग? त्याले बर्फात सोडून आले, त्याचं काय?"

"त्याचं मले नाही सांगता येत, भाऊ. अर्जुन माह्याच मळ्यातले पेरू चोरून मोठा झाला. पण त्याले मारणारा त्या गावात नव्हता. कामाले निघालेले लोक होते."

"सही करतो का नाही?"

"नाही करत."

वामनराव कागद घेऊन निघून गेले. लोक त्यांच्या मागे गेले, पण घोळक्यानं नाही. एकेक करून, मधेच थांबून मागे बघत.

घराच्या दारात आल्यावर अंबूबाई म्हणाली, "सतरा वर्षं मी टाचा घासल्या त्याच्यानं. मले काऊन नाही सांगितलं?"

"तिथं एक बाई होती," तो म्हणाला. "जळालेल्या जागेत कवेलू बाजूला करून मुळ्याचं बी पेरत होती. मी अर्धा दिवस खोदू लागलो तिले. निघताना तिच्यापाशी द्याले काही नव्हतं, हे दिलं. याच्यानंच ती कुदळीचा चिखल खरवडत होती." तो चपला काढायला वाकला. "तू न्हाणीत नेलं तवा म्हटलं, कामाले लागलं तं लागू द्या."

त्या दिवशी अंबूबाई कवेलू हातात घेऊन घरभर फिरली. न्हाणीत ठेववेना. देव्हाऱ्यापाशी नेलं, पण ते देव नव्हतं. शेवटी कंदिलाच्या कोनाड्यात ठेवलं. आंघोळीला तिनं साधा दगड घेतला. टाचेला तो लागला.

पाडव्याच्या सकाळी वामनराव खाली मळ्यात आले. हातात पाळ्यांचा कागद. बाकीच्या चार घरांची माणसं बांधावर उभी होती. अंबूबाई केळीच्या मागे.

"तुळशीराम," वामनरावांनी वाचलं. "पाळी पहाटेची. आहे तशी."

मग बाकीची नावं वाचली. कागद घडी करून खिशात घातला, पण ते निघाले नाहीत.

"ठराव गेला दिल्लीले," ते म्हणाले. "एकट्या माह्या सहीनं. अनुमोदन सुभद्रेचं टाकू म्हटलं, पोराची माय होय. ती नाही म्हणाली."

चर भरत आला होता. तुळशीरामनं फावड्यानं पाणी वळवलं.

"तिनं ते कवेलू मागितलं," वामनराव म्हणाले. हे ते तुळशीरामला न म्हणता केळीकडे बघून म्हणाले. "म्हणते, घरी ठेवते थोडे दिवस."

अंबूबाई उतार चढून घरी गेली. कोनाड्यातून कवेलू काढलं, पदरानं पुसलं, पुन्हा खाली आली आणि वामनरावांच्या हातात दिलं. त्यांनी ते धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि वर चढू लागले. परत कधी आणून देणार, असं अंबूबाईनं विचारलं नाही.