थेंबाची कड

ओझरजवळच्या द्राक्षबागांत लंकाबाईंची मजूर बायकांची टोळी हळू कामासाठी ओळखली जायची. मणी फुगवायच्या औषधाच्या मगात घड बुडवला, की देठ धरून त्याला एक हलका झटका द्यायचा, हा त्यांचा नियम.

"बाळाला अंघोळ घालताय का?" बागवाले टोमणा मारत.

"थेंब राह्यला तर कड पडती," एवढंच उत्तर.

हे त्या भांडी घासताना शिकल्या होत्या. बोअरचं पाणी जड. ताट झटकून ठेवलं तर लख्ख. थेंब राहिला, तर वाळता वाळता पाण्यातला सगळा क्षार थेंबाच्या कडेला जाऊन बसतो आणि पांढरं कडं उरतं.

फेब्रुवारी २००४. कुंदन या बागायतदाराने भुरी रोगाच्या धास्तीने तयार घडांवर पावडरचं औषध पाण्यात कालवून मारलं. वाळल्यावर मण्यामण्यावर पांढरी कडी. निर्यात कंपनीचा माणूस दोन दिवसांनी येणार होता. पुसावं तर मण्यांवरची मेणासारखी धुरकट लव जाते, आणि असा घड कंपनी घेत नाही. बाग नापास झाली, तर माल गावठी व्यापाऱ्याकडे जाणार. तो तोडणीला स्वतःची टोळी आणतो. म्हणजे लंकाबाईंच्या चौदा बायकांचं तीन आठवड्यांचं काम गेलं.

"नशीब," कुंदन म्हणाला.

"नशीब नाय, पावडर हाय ती. सकाळच्या दवानं परत भिजंल. ऊन यायच्या आत झटकू."

"चाळीस ओळी?"

"घरच्या बायका बी आना."

पहाटे बघितलं तर, जिथे दोन मणी एकमेकांना टेकतात, तिथे पाण्याचा पातळ पडदा अडकलेला होता. पावडर त्यातच होती. झटका हळू दिला तर पाणी सुटत नव्हतं, जोरात दिला तर मणी गळत होते. कुंदनच्या पहिल्याच घडाचे पाच मणी खाली आले.

"भाऊ, तुम्ही पानी भरा."

"कशाला?"

"आम्हाला प्यायला."

सव्विसावी ओळ संपली आणि ऊन आलं. पुढच्या ओळींतले थेंब बघता बघता वाळले. "आता हात लावू नका," लंकाबाई म्हणाल्या.

सव्वीस ओळी पास झाल्या. उरलेल्या चौदा व्यापाऱ्याने नेल्या. टोळीला दोन आठवडे काम मिळालं.

पुढच्या वर्षी फवारणीआधी कुंदनने त्यांना बोलावून घेतलं. "लंकाबाई, मारू का?"

त्यांनी टाकीत बोट बुडवलं, स्टीलच्या ताटलीवर एक थेंब ठेवला आणि ताटली उन्हात सरकवली.

"दम धरा. वाळू द्या."