मेला तो मेला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही गेल्या रविवारी सांगितलं, तेही फजिती झाली म्हणून.

धाकट्या भावाची, किसनची, मुलगी अनू बाहेरगावी शिकते; सुट्टीला बेंबळीला घरी आली. येताना तिनं एका खेळाचं नवं पुस्तक आणलं. हाच खेळ मी वीस वर्षांपूर्वी कॉलेजातून झेरॉक्स करून घरी आणला होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन त्यात बोलायचं, आणि अडलं की फासा टाकायचा. गोष्ट सांगणारा अर्थातच मी. दुसऱ्या कुणाला कधी सांगू दिलीय? तर शोकेसला पाठ लावून, माझ्या ठरलेल्या जागी बसून, पुस्तक न उघडताच मी ऐटीत जाहीर केलं — एक पडला की मेला, आणि मेला तो मेला.

"आण्णा, तो नियम कवाच गेला," अनू म्हणाली. "आता मरणाऱ्याला अजून तीनदा टाकता येतं."

सगळे हसले. मीही. दारात बसलेला किसन तेवढा हसला नाही.

किसन लहानपणापासून बोलताना अडखळतो. दुकानात साखर हवी तर बोट दाखवायचा. पण खेळात तो भूमच्या बाजारातला बैलांचा दलाल व्हायचा आणि — कसं सांगू — तो दलाल एका शब्दाला अडखळत नसे. दरोडेखोर आले की हा रुमाल पसरायचा, बाजारात भाव ठरवतात तशी रुमालाखाली सरदाराची बोटं धरायचा. "सरदार, तुमच्या घोड्याचे दात मोजलेत म्या. म्हातारं हाय. ते घेऊन गुमान घरी जावा, गावाला हात लावू नगा." शेजारपाजारचे ऐकायला जमायचे. मला वाटायचं, माझी गोष्ट ऐकायला जमतात. मग एका रविवारी किसन सास्तूरला सासुरवाडीला गेला. लोक आले, डोकावले, "दलाल न्हाय का आज?" म्हणाले आणि परत गेले.

तेव्हाचे आमचे नियम तरी कसले? मीच वहीत पेन्सिलीनं लिहायचो, मीच खोडायचो. आईला मारामारी नको, म्हणून भाकरी खाऊ घालून राक्षस वश करायचा नियम. बायको वैदू झाली, तिचा पाला संपायला लागला, म्हणून पाला दुप्पट. दर पंधरवड्याला वही वेगळी. माणसं बघून नियम वाकवायचे, यात मला मोठेपणा वाटायचा.

पुढच्या रविवारी दलाल पुरातून नदी ओलांडत होता. मी बिस्किटांच्या खोक्याआड फासा टाकला. चार पडले.

मी म्हणालो — एक.

बायको म्हणाली, बदला की नियम, एवढे बदललेत. तेव्हा या पेन्सिलवाल्यानं काय म्हणावं? नियम म्हणजे नियम. किसननं माझ्याकडं पाहिलं, रुमालाची घडी घातली आणि उठला. नंतर मी म्हणालो, दुसरं पात्र घे. त्यानं मान हलवली. हळूहळू त्याचं घरातलं बोलणंही गेलं. आता तो पिठाच्या गिरणीवर बसतो. त्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही. अनूनं तो दलाल कधी ऐकलेलाच नाही.

हेवा होता, दुसरं काय? वीस वर्षं मी त्या नियमाच्या आड बसलो. आणि कुठंतरी लांब, ओळखदेख नसलेल्या कुणी तो बदलूनही टाकला. गेल्या रविवारी खेळ मोडल्यावर मी नव्या नियमाचं पान किसनपुढं धरलं, ओळीवर बोट ठेवलं. तोंडानं काही बोललो नाही — तेवढी हिंमत तेव्हाही नव्हती. त्यानं वाचलं, पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि गिरणीवर गेला.

मग मी बायकोला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजींना ठाव हाय. तुमच्या पाठीमागं शोकेस होतं. काचेत फासा दिसायचा, मला बी दिसला. आण्णा सांगतील, आण्णा सांगतील म्हणून लई वर्सं वाट बघितली त्यांनी. मग सोडलं."