भोपळ्यावरचा पहिला वार

हे लिहिणारच नव्हते, दोनदा डिलीट केलं. पण आज अर्वोला, म्हणजे दुपारी, जे ऐकलं ते कानातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय.

चित्रलेखाकाकू इथल्या ट्रुगानिना सबर्बमध्ये राहते आणि गॅरेजमध्ये खून करते. म्हणजे स्लॅशर पिक्चरमधल्या खुनांचे आवाज काढते! हाड मोडलं की ती सेलरीच्या भाजीची दांडी असते, गळा चिरला की ओलं चामडं. मी युनीत साउंड शिकते, शनिवारी तिच्याकडे माइक धरते. "उर्वे, सुरा दिसायच्या आधी म्युझिक बंद," ती म्हणते. "लोक सुऱ्याला नाही, शांततेला घाबरतात."

आजच्या सीनमध्ये किलर एका आईसमोर तिच्या मुलाला भोसकतो. कोबी फुसका वाजत होता. जाड साल फाटून आत पोकळ वाजायला हवं, म्हणजे लाल भोपळाच. पण आमच्यात अख्ख्या भोपळ्यावर बाई पहिला वार करत नाही. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, असं मानतात. तो वार कायम सोहमदादा करायचा, तिचा एकुलता एक. मग त्याला मुलगी झाली, "आई, हे मर्डर माझ्या पोरीसमोर नको" यावरून कडाक्याचं भांडण झालं, तो डार्विनला गेला आणि आता येतच नाही.

काकूने स्पीकरवर फोन लावला. "सोहम, येतोस का रे? एकच वार."

"मम, सीरियसली? एका पम्पकिनला भोसकायला चार तास फ्लाय करू?"

"भोपळा राहू दे. जेवायला ये."

"बिझी आहे गं." कट.

मी म्हटलं, "काकू, शेजारच्या विवेककाकांना बोलावू?"

"त्यांचा मुलगा आहे का हा?" भोपळ्यावर हात ठेवून म्हणाली, आणि सुरा उचलला.

खच्च! साल फाटली. परत. परत. सीन कधीच संपला होता, ती थांबेना. बिया माझ्या तोंडावर उडाल्या, गर तिच्या कोपरापर्यंत, आणि हेडफोनमध्ये प्रत्येक वारामागे तिचा दबका आवाज, "ये ना रे, ये ना."

तिने टेक ऐकला, शांतपणे. "वार ठेव," म्हणाली. "मी नको." स्वतःचा आवाज तिने स्वतःच कापून टाकला, मला घरी पाठवलं, शटर ओढलं. आता फोन उचलत नाहीये.

सोहमदादा, वाचत असशील तर निघ. आणि मी तासाभरावर आहे, तेव्हा ट्रुगानिनाजवळ जे कुणी असाल ते प्लीज तिला भेटून या ना, लवकर. गॅरेज साउंडप्रूफ आहे, बेल आत ऐकू जात नाही. शटर जोरात बडवा.