दोन मंत्र्यांची दोन बोटं

तिला आता ठिणगी याच नावाने सगळे ओळखतात. खरं नाव फक्त तिची आई घेते. नगरपालिकेच्या वीज खात्यातली ती एकुलती एक बाई. वडील त्याच खात्यात वायरमन होते, ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी तिला घेतलं. पहिल्याच आठवड्यात एका कारकुनाने तिला विचारलं, "काय बाई, शिडी धरायला आलात का?" तिने त्याच्या टेबलावरच्या पंख्याची तार काढली, खिशात घातली आणि अख्खा उन्हाळा परत दिली नाही. नाव पडलं ते तेव्हापासून.

तिचं एक खास काम होतं आणि ते तिला मनापासून आवडत नसे. शहरात कशाचंही उद्घाटन असलं की व्यासपीठावर लाल बटणाची एक देखणी पेटी ठेवतात. पाहुणे बटण दाबतात, दिवे लागतात, कारंजं उडतं, टाळ्या पडतात. त्या पेटीला एकही तार जोडलेली नसते. मोठ्या माणसांचा हात विजेला लागू नये म्हणून ही काळजी. खरी कळ मागे, पडद्याआड असते आणि ती दाबायला ठिणगी उभी असते. खात्याच्या साहेबांनी खोकायचं आणि तिने कळ दाबायची, असा शिरस्ता. इतक्या वर्षांत ती एकाही फोटोत आली नाही. त्याचं तिला दुःख नव्हतं. उद्घाटन झालेल्या निम्म्या गोष्टी दुसऱ्या दिवशी बंद पडत, आणि खोटं बोलायला आपला हात लागतो, याने मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

शहराच्या टोकाला टेकडी होती आणि टेकडीवर वस्ती. वस्तीला पाणी नव्हतं. बायका दगडी पायऱ्या उतरून खालच्या नळावर येत आणि डोक्यावर हंडे घेऊन वर चढत. त्यांत ठिणगीची आईही होती. गुडघे कुरकुरत होते, तरी लेकीकडे राहायला यायला तयार नव्हती. "तुझ्या घरात मला कोण ओळखतं? इथे माझी भांडणं आहेत," असं ती म्हणायची.

अशात सरकारने समुद्रापलीकडच्या एका देशाशी मैत्रीचा करार केला. तोही आपल्यासारखाच, फाटक्या खिशाचा आणि मोठ्या भाषणांचा. दोघांनाही एकेकाळी तिसऱ्यानेच लुटलेलं, त्यामुळे एकमेकांना भाऊ म्हणायला दोघेही मोकळे. आपण त्यांना औषधं द्यायची, त्यांनी आपल्याला पंप द्यायचे, असं ठरलं. टेकडीच्या पायथ्याशी पंपघर उभं राहिलं, माथ्यावर टाकी बांधून झाली, वस्तीत नळ बसले आणि त्या देशातून एक फिटर आला. त्याला सगळे पाहुणा म्हणत. हडकुळा, अबोल, कामाला वाघ. त्याने आणि ठिणगीने मिळून यंत्रं बसवली. भाषेची अडचण होती, पण पान्याला काय भाषा लागते?

काम संपलं. पंप तयार झाला. आणि तिथेच सगळं घोंगडं भिजत पडलं.

करारात म्हटलं होतं की पंप दोन्ही देशांचे मंत्री एकाच वेळी, आपल्या हातांनी सुरू करतील. आपल्या मंत्र्यांना वेळ असला की त्यांच्या मंत्र्यांना नसे. दोघांना असला की झेंडा कुणाचा उजवीकडे यावरून गाडं अडे. तोवर पंपाला हात लावायचा नाही. कुणी आगाऊपणा करू नये म्हणून साहेबांनी मोठे फ्यूज काढून आपल्या कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला लावली. सरकारी हस्तांतरण होईपर्यंत पाहुण्यालाही घरी जायची मुभा नव्हती. आपल्या भाषेतला त्याने शिकलेला पहिला शब्द होता 'उद्या', कारण जो तो त्याला तेवढंच सांगे. त्याच्या भाषेत उद्याला काय म्हणतात, ते ठिणगीनेही विचारून घेतलं. दोघे पंपघराच्या ओट्यावर चहा पीत बसत, आपापल्या सरकारला एकमेकांच्या शब्दात 'उद्या' म्हणत आणि दात-ओठ खात हसत.

ठिणगी साहेबांकडे गेली. एकदा नव्हे, इतक्यांदा की शिपाई तिला बघूनच दार लावून घेऊ लागला.

"साहेब, यंत्र तयार आहे. पाणी आहे, टाकी आहे. बायका मरतायत पायऱ्यांवर."

"अगं, हा दोन देशांमधला विषय आहे. तुला नाही कळायचं."

"मला पंप कळतो. तो चालू करू द्या."

"वरून आदेश येऊ दे," साहेब म्हणाले आणि फोनकडे बघू लागले. फोन वाजतही नव्हता.

मग एका सकाळी आई पायऱ्यांवरून पडली. डोक्यावर भरलेला हंडा होता. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात जुळणं कठीण आहे, पुन्हा उभ्या राहतील असं धरून चालू नका. आईला टेकडीवरच्या तिच्याच खोलीत खाटेवर ठेवलं, कारण तिथून हलायला ती आजही तयार नव्हती. शेजारीण आपल्या हंड्यातलं अर्धं पाणी तिला देऊ लागली. ठिणगी त्या पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीला शिवी देत होती, आणि त्या शिव्या दगडांना नव्हत्या.

आणि आईच्या पडण्याला काही दिवस होतात न होतात तोच तारीख ठरली. आता ठरली! मंडप पडला, गालिचा अंथरला, दोन लाल बटणांची नवी पेटी आली. साहेबांनी सकाळी तिच्या हातात फ्यूज दिले आणि म्हणाले, "लाव. आणि कार्यक्रम झाला की लगेच काढून परत आणून दे."

"परत? का?"

"हस्तांतरणाच्या सह्या व्हायच्यात अजून. आज फक्त फोटोपुरतं चालवायचं. लोकांना थोडं पाणी दिसलं म्हणजे झालं."

"बरं साहेब," ठिणगी म्हणाली. तिला ओळखणाऱ्या माणसाला तेव्हाच भीती वाटली असती. साहेबांनी तिला कधी ओळखलं नव्हतं.

तिने पाहुण्याला पंपघरात नेलं, फ्यूज दाखवले आणि बोटांनी खूण केली: लावायचे, आणि मग काढायचे. पाहुण्याच्या भुवया वर गेल्या. मग त्याने आपल्या भाषेत जे म्हटलं, त्याला भाषांतराची गरज नव्हती. ठिणगीने मंडपातली पेटी उघडली. दोन्ही बटणांना तिने खऱ्या तारा जोडल्या, अशा की दोन्ही एकदम दाबली तरच पंप चालेल. तिच्या आयुष्यातली ती पहिली खरी उद्घाटनाची पेटी. आणि पंपघरातल्या यंत्रातून तिने एकच छोटी तार काढून घेतली. बटण सोडल्यावरही पंप चालू राहतो तो त्या तारेमुळे. ती तार तिने खिशात घातली.

भाषणं झाली. बंधुत्व झालं, खांद्याला खांदा झाला. दोन मंत्र्यांनी दोन बटणांवर बोटं ठेवली आणि दाबली. पंप घरघरला, आणि थोड्या वेळाने माथ्यावरून आरोळी आली, "पाणी आलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी हस्तांदोलनासाठी बोटं उचलली.

पंप थांबला. वरून आवाज आला, "गेलं!"

साहेब खोकले. पुन्हा खोकले. पडद्याआडून कुणी दाद दिली नाही. मंत्र्यांनी घाईघाईने बटणं दाबली. "आलं!" सोडली. "गेलं!" टेकडीवरच्या बायका कठड्याला येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि आता हसत होत्या. कॅमेरे चालू होते.

साहेब पडद्यामागे धावले. "काय केलंस हे?"

"करारात आहे तेच," ठिणगी म्हणाली आणि पडदा सारून सगळ्यांसमोर आली. "दोघांनी मिळून, आपल्या हातांनी. दाबून धरा मंत्रीसाहेब, टाकी भरेपर्यंत. माझी आई हंडा धरत होती तेव्हा तिलाही मध्येच सोडता येत नव्हतं."

पाहुण्या मंत्र्यांनी आपल्या फिटरकडे बघितलं. फिटरने त्यांना त्यांच्याच भाषेत सगळं सांगितलं: तयार पंप, कपाटातले फ्यूज, ते आज पुन्हा कपाटात जाणार आहेत हेही. त्या मंत्र्यांचं तोंड उतरलं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि बोट काढलंच नाही, त्यामुळे आपल्या मंत्र्यांनाही दाबून धरावं लागलं. ऊन तापलं. गालिच्यावर घाम टपकायला लागला. शेवटी आपल्या मंत्र्यांनी बोट न उचलताच माइक जवळ मागवला आणि टेकडीकडे तोंड करून सांगितलं, की पंप आजपासून, याच घटकेपासून चालू राहील. मगच ठिणगीने खिशातली तार काढली आणि जागेवर बसवली.

तिची बदली त्याच आठवड्यात स्मशानाच्या दिव्यांवर झाली. पाहुणा सुटला, घरी गेला. फ्यूज परत मागायची हिंमत मात्र कुणाची झाली नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती टेकडीवर धावत गेली होती. खोलीबाहेरच्या नळाला धार होती. तिने तांब्या भरला आणि आईच्या उशाशी बसून सगळी हकीकत रंगवून सांगितली: घाम, खोकला, दोन बोटं. आई ऐकत होती. पाणी प्यायली, तोंड पुसलं.

"एका तारेचं काम होतं होय गं?"

"एका तारेचं. आणि फ्यूज त्या मेल्याच्या कपाटात होते."

"कपाट काय लोखंडाचं होतं?"

"लाकडाचं."

आई तिच्या कमरेच्या पिशवीकडे बघत राहिली. पक्कड, पेचकस, छिन्नी, सगळं होतं त्यात.

"मग आधी का नाही फोडलंस?" आईने विचारलं.

बाहेर नळ वाहत होता. ठिणगी उठली आणि घरातले सगळे हंडे एकामागून एक भरत राहिली.