प्रीसेटमधला निळा

सांगलीत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो काढण्यात उमेदीची वर्षं गेली. पण मला दमवलं ते फोटो काढण्यानं नाही, नंतरच्या कामानं. एका लग्नाचे हजारो फोटो निघतात. एकेकाचा उजेड, एकेकाचा रंग हातानं नीट करत बसलं तर पुढचं लग्न उभं राहतं. म्हणून मी माझा स्वतःचा एक प्रीसेट बनवून ठेवला होता. उजेड किती, पिवळा किती, निळा किती, हे एकदा ठरवून साठवायचं आणि एका क्लिकमध्ये अख्ख्या लग्नाला लावायचं. तुमच्या फोटोंचा रंग लगेच ओळखू येतो, असं लोक म्हणायचे. बरं वाटायचं.

पन्नाशी उलटल्यावर मला फोटो पिवळट दिसायला लागले. मी कार्यालयांतल्या नव्या दिव्यांना दोष दिला. हंगाम सुरू झाला की प्रीसेट उघडायचा, रंगाची पट्टी जराशी निळ्याकडे सरकवायची आणि त्याच नावानं पुन्हा साठवायचा. जराशीच. असे काही हंगाम गेले.

मग कुंडलचं एक लग्न केलं. मुलीचे वडील फौजेतून निवृत्त होऊन घरचा ऊस बघणारे. अल्बम नेल्यावर काही दिवसांनी ते तो पिशवीत घालून परत घेऊन आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आवं, फोटो झ्याक हायती. पण माझी पोरगी आजारी दिसतीया."

"कुठल्या फोटोत?"

"समद्यातच. मांडवात तर चांगली हसत-खिदळत हुती."

मी पानं उलटून पाहिली. मला काहीच वावगं दिसेना. छपाईत गडबड झाली असेल, बघतो, म्हणून अल्बम ठेवून घेतला आणि ते गेल्यावर लॅबवाल्याला फोनवर झापलं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुमची फाईलच निळी येतेय. आम्ही आहे तशी छापतो." मी फोन आपटला. नवा मॉनिटर घेतला. त्यावरही पिवळंच दिसत होतं.

त्या दिवसांत दुपारपर्यंतच डोळे जड व्हायचे. संध्याकाळी मिरजेहून येताना समोरच्या गाड्यांचे दिवे फुटून पसरायचे. एवढं काम केल्यावर असं होणारच, असं मी धरून चाललो होतो. एकदा बाहेर निघताना बायको म्हणाली, "अहो, एक मोजा काळा आणि एक निळा घातलाय." मला दोन्ही काळेच दिसत होते. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त पिकलेला. "तुम्ही काम तरी कसं करत होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. करत होतो, एवढंच.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर समोर दवाखान्याची भिंत होती. पांढरा इतका पांढरा असतो हे मी विसरून गेलो होतो. डावा डोळा झाकला की भिंत पांढरी. उजवा झाकला की तीच भिंत चहा सांडून वाळल्यासारखी. घरी येईपर्यंत मी तोच खेळ करत राहिलो. बायको म्हणाली, "आता पुरे, डोळ्याला ताण नको." पण पिवळं माझ्या डोळ्यांतच होतं, हे मला तोवर कळून चुकलं होतं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर कॉम्प्युटर लावला आणि कुंडलचं लग्न उघडलं. नवरीचे ओठ जांभळे. गाल थंडीत काकडल्यासारखे. अंगावरची हळद हिरवट. मग फलटणचं लग्न उघडलं, पाचगणीला केलेलं एका जोडप्याचं शूट उघडलं. सगळीकडे तेच. एखादाच फोटो बिघडला असता तर कुणालाही दिसला असता. प्रीसेटनं सगळे सारखेच बिघडवले, म्हणून लोकांना ती माझी पद्धत वाटली.

बायकोला बोलावून विचारलं, "हे तुला निळं दिसतंय?"

"दिसतं की. बरेच दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, हल्ली तसंच चालतं. लोक नावाजत होते तुम्हाला."

चिडायलाही अंगात जोर लागतो. मी नुसता बसून राहिलो.

कुंडलला फोन केला. म्हटलं, "चूक लॅबची नव्हती. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. अल्बम नव्यानं करून देतो." मग ते म्हणाले, "आप्रिशन झालं का?"

"एका डोळ्याचं झालंय."

"मग दुसऱ्याचंबी हू द्या. कायबी घाई न्हाई. आन् हे बघा, खाली वाकू नगा, वजन उचलू नगा. आमच्या मंडळींनी ऐकलं न्हाई, लय तरास काढला."

तरी मी ते लग्न तेव्हाच करायला घेतलं. प्रीसेट न लावता, एकेक फोटो. थोडा वेळ काम, मग डोळ्यात औषध, मग पडून राहणं. माझ्या डाव्या डोळ्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून बायको भाजी निवडत शेजारी बसायची आणि सांगायची, "अजून थोडं लाल. आता जास्त झालं." आम्ही दोघांनी इतका वेळ एका खोलीत बसून काम कधीच केलं नव्हतं.

नवा अल्बम न्यायला ते आले तेव्हा उभ्या उभ्याच पानं उलटली. एका पानावर थांबले, मुलीच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. "आता बरी हाय," म्हणाले, आणि अल्बम पिशवीत घातला.

बाकीच्यांना मी फोन केलेले नाहीत. करायला हवेत. पण मधली सगळी लग्नं आठवली की मान खाली जाते आणि मी दुसरं काहीतरी हाती घेतो. डाव्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. नव्या हंगामाची विचारणा सुरू झाली आहे, आणि फोन वाजला की मी काय सांगणार, म्हणून बायको आधी माझ्याकडे बघते.