पाण्याखालून निघालेली गल्ली

यवतमाळहून सकाळी दुचाकीवर निघालो, तो उमरखेडला भाच्याच्या साखरपुड्याला. फोटो काढण्यासाठी हा रस्ता मी कधीच धरला नसता. मे महिना, शंभरावर किलोमीटर आणि दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं. पुसद मागे पडल्यावर धरणाच्या बाजूला वळलो आणि गाडी आपोआप थांबली.

दिवाळीत इथे नजर पोहोचेल तिथवर पाणी होते. आता तळ उघडा पडला होता. भेगाळलेला गाळ, त्यात सरळ रेषांत मांडल्यासारखे दगड आणि पलीकडे पाण्याची निळी पट्टी. डोळ्यांवर विश्वास बसेना. खाली उतरून मोबाईलवर फोटो काढत सुटलो. चांगला कोन मिळावा म्हणून एका दगडावर बसलो.

"भाऊ, चुलीवर काहून बसले?"

मी ताडकन उठलो. मागे निखाऱ्यांचे घमेले घेऊन एक म्हातारी उभी होती. मग कळले, त्या रेषा म्हणजे घरांच्या भिंती आणि मधली मोकळी जागा म्हणजे गल्ली. इतका वेळ मी लोकांच्या घरांतून बूट घालून फिरत होतो.

गंगाबाई या धरणात बुडालेल्या तांड्यातल्या (बंजारा वस्तीतल्या). पाणी हटले की दर उन्हाळ्यात त्या आपल्या जुन्या चुलीवर भोग (निखाऱ्यावर तूप-गुळाची आहुती) लावतात. त्यांचे मालक (नवरा) रामजीबाबा मात्र वर बाभळीखाली बसून राहतात. तांडा सोडला तेव्हापासून ते एकदाही खाली उतरलेले नाहीत. आता त्यांची नजर जात चालली आहे. पुढच्या उन्हाळ्यात दिसेल याचा भरवसा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

"मोबाईलात तरी घर दाखवा त्यायले," गंगाबाई म्हणाल्या.

मी सवयीने पाणी आणि ढग साधू लागलो. त्यांनी माझा हात खाली दाबला. "आभाळ कायले पायजे? चूल घ्या."

गंगाबाईंबरोबर वर जाऊन मी चुलीचा फोटो मोठा करून दिला. रामजीबाबांनी मोबाईल नाकाशी धरला.

"हे आपली चूल नाही वं," ते म्हणाले. "धनसिंगची हाय."

गंगाबाईंचा चेहरा उतरला. इतकी वर्षे ही बाई शेजाऱ्याच्या चुलीवर भोग लावत होती.

"मंग आपली कोणती?"

"तुले सांगून समजन का? धनसिंगचं मात्र पोट भरलं असन."

एवढे बोलून त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला, काठी टेकली, उठले आणि उतार उतरू लागले. गंगाबाई घमेले सावरत मागोमाग निघाल्या. तुमीच आधी खाली आले असते तर, असे त्यांचे सुरू झाले.

मी वरूनच पाहत राहिलो. ते पार लहान दिसायला लागले तेव्हा कुठे एक फोटो काढला.

साखरपुड्याला उशीर झाला, बोलणी खाल्ली. तो फोटो आता घरी बैठकीत लावला आहे. येणारे विचारतात, हे कुठले तळे? मी सांगतो, ही गल्ली आहे आणि ते दोघे घरी चालले आहेत.